उपशमांक

मनुष्याने जन्मभर एकच काम करावे आणि त्या कामाच्या नावाने ओळखले जावे, ही व्यवस्था मोडून आता एक पिढी उलटली होती. पूर्वी मनुष्य आणि व्यवसाय यांची सांगड एकदा घालून दिली की मार्गदर्शकाचे कर्तव्य संपत असे. आता कोणतेही काम फार काळ टिकत नव्हते. लेखापाल, भाषांतरकार, नकाशे काढणारे, क्ष-किरणचित्रे वाचणारे, अशा साऱ्यांची कामे यंत्रांनी एकामागून एक आपल्याकडे घेतली आणि ज्याचे काम गेले त्याला अर्ध्या आयुष्यात पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले. म्हणून जिल्ह्याजिल्ह्यांत पुनर्वृत्ती केंद्रे स्थापन झाली. सोलापूरचे केंद्र एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात होते. शर्वरी हिरेमठ तेथे वृत्तिनिर्देशक होती. आलेल्या माणसाला कोणते नवे काम शिकवावे, किंबहुना त्याला काही शिकवावे की नाही, याचा निर्णय तिच्या स्वाक्षरीने होत असे.

हा निर्णय ज्या यंत्राच्या आधारे होई, त्याचे नाव प्रवणतादर्शक. त्यामागचे शास्त्र समजण्यास अवघड नाही. आपल्या हातून चूक होते, त्याच क्षणी, आपल्याला ती नीट उमगण्याच्याही आधी, मेंदूत विजेचा एक सूक्ष्म तरंग उठतो. शास्त्रज्ञांना तो पुष्कळ वर्षांपासून ठाऊक होता. नव्या संशोधकांनी एवढेच केले, की तो तरंग उठल्यानंतर किती वेळाने शमतो हे मोजले. ज्याचा तरंग लवकर शमतो त्याने ती चूक लवकर आत्मसात केली, म्हणजे तो लवकर शिकतो, असे अनुमान त्यांनी बांधले. डोक्यावर एक हलकी जाळी बसवायची, समोरच्या पडद्यावर एकामागून एक आकृत्या दाखवायच्या आणि पुढची आकृती कोणती येईल याचा तर्क करायला सांगायचे. तर्क चुकत जातात, तरंग उठतात आणि शमतात. त्यातून जो अंक निघतो तो उपशमांक. उत्तम उपशमांक असणाऱ्याला प्रशिक्षण आणि पद मिळे. ज्याचा उपशमांक शून्य, त्याला विराम श्रेणीत टाकले जाई. त्याच्या पोटाची सोय होई. मात्र त्यानंतर कोणीही त्याला कसलेही काम देत नसे.

शर्वरीचे वडील महांतेश हिरेमठ, घरचे अप्पा, जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. बोलणे ऐकून लिहिणारी यंत्रे न्यायालयांत आली तेव्हा पहिल्या तुकडीतच त्यांना मापनासाठी बोलावण्यात आले. मुरलेला लघुलेखक वक्त्याच्या नेहमी दोन शब्द मागे चालतो. साक्षीदार पुढे काय बोलणार हे त्याला कळले, तरी तो शब्द उच्चारला जाईपर्यंत लेखणी कागदाला लावायची नाही; न उच्चारलेला शब्द लिहिणे हे त्याच्या धर्मात पाप. अप्पांनी तीच निष्ठा पडद्यासमोर पाळली. आकृती प्रत्यक्ष दिसेपर्यंत त्यांनी कळ दाबली नाही. दिसल्यावर दाबली आणि प्रत्येक वेळी अचूक दाबली. चूकच झाली नाही, म्हणून तरंग उठला नाही, आणि तरंगांचा पट कोरा निघाला.

यंत्र चालवणाऱ्या बाईंनी वरिष्ठांच्या लक्षात आणून दिले की कोरा पट म्हणजे शून्य नव्हे. या गृहस्थांना समजावून पुन्हा बसवावे. तेथे श्रीरंग खासनीस नावाचे अधिकारी होते. हे मापन राज्यात आणण्याचे श्रेय त्यांचेच. त्यांना त्या दिवशी घाई होती. अप्पा समोर उभे असतानाच ते हसून म्हणाले, "अहो, जन्मभर दुसऱ्याचं बोलणं लिहून घेणाऱ्याच्या डोक्यात स्वतःचं काय असणार? शून्य लिहा आणि पुढच्याला बोलवा."

अप्पांनी ते वाक्य घरी येऊन सांगितले. एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. तो त्यांचा पेशाच होता. कोणाचेही बोलणे ऐकताना त्यांचा अंगठा तर्जनीवर नकळत लघुलिपीतील खुणा काढीत असे. त्या दिवसापासून तो अंगठा थांबला. पुढे ते बोलेनासे झाले, आणि काही वर्षांनी, कोणालाही त्रास न देता, गेले.

वृत्तिशास्त्रात एक सिद्धान्त आहे: बालपणी जी जखम मुकाट्याने सोसावी लागली, तिच्यावर उपचार करण्याचे काम मनुष्य पुढे आपला व्यवसाय म्हणून निवडतो. प्रशिक्षणाच्या वेळी शर्वरीला तिचे आत्मनिवेदन विचारले गेले, तेव्हा आपल्या वडिलांसारख्यांना साह्य करण्यासाठी हे क्षेत्र निवडले, असे तिने सांगितले आणि परीक्षक गहिवरले. ते खरे नव्हते. ती या क्षेत्रात खासनीसांसाठी आली होती. आज ना उद्या त्यांचेही पद यंत्र गिळणार आणि ते कोणा निर्देशकापुढे येऊन बसणार, हे तिने ओळखले होते. तिला त्यांची अधोगती नको होती, मृत्यूही नको होता. आपण काय बोललो याची वेदना त्या चेहऱ्यावर उमटलेली तिला पाहायची होती. एकदाच.

नियम असा की प्रत्येकाने आपल्या मूळ जिल्ह्याच्या केंद्रात जावे. खासनीस मूळचे सोलापूरचे. त्यांचेही पद गेले आणि त्यांचे नाव शर्वरीच्या भेटींच्या यादीत आले तेव्हा तिने ते आईला सांगितले.

अव्वा भाकरी थापीत होती. तिचा हात थांबला नाही. "जिवंत आहे होय अजून. मला वाटलं, असली माणसं स्वतःच्याच गोड बोलण्यानं गुदमरून जात असतील."

शर्वरी म्हणाली की उमेदवार नातेवाईक असेल तर निर्देशकाने ते प्रकरण सोडावे, असा नियम आहे. वैर असेल तर काय करावे, याविषयी नियमात काहीच नाही.

"नियम कुणी केलेत?"

"त्यांनीच."

"मग त्याच्याच नियमात बसवून मार की. वर तक्रार करायला जागा राहत नाही." अव्वाने भाकरी तव्यावर टाकली. "मला फक्त येऊन सांग, रडला का ते."

खासनीस आले. रुपेरी केस, इस्त्रीचा सदरा, आणि शिपायाला आधी आत जाऊ देण्याची विनम्रता. त्यांनी त्या शिपायाच्या गुडघेदुखीची चौकशी केली आणि उत्तर मनापासून ऐकले. शर्वरीला वाटले होते, तिच्यासमोर एखादा उर्मट माणूस येईल. हा मनुष्य सहज आवडावा असा होता, आणि त्यामुळे तिचा संताप अधिकच वाढला.

प्रथेप्रमाणे तिने आधी बालपणीची एखादी आठवण विचारली. खासनीस सांगू लागले की त्यांच्या थोरल्या भावाने एक पोपट पाळला होता आणि एकदा यांच्या हातून पिंजरा उघडा राहिला. "दादा महिनाभर रडत होता. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी मी विटीदांडू खेळायला गेलो. माझा स्वभावच तसा आहे, मॅडम. मी अडकून राहत नाही."

जाळी त्यांच्या मस्तकावर बसवलेली होती आणि तरंगाची रेषा केवळ शर्वरीला दिसत होती. मापन सुरू होण्यापूर्वी उमेदवाराशी चार शब्द बोलून त्याचे मन स्थिर करावे, अशी रीत होती. तिने ते चार शब्द फार पूर्वीच निवडून ठेवले होते.

"सर, लघुलेखक महांतेश हिरेमठ आठवतात?"

खासनीसांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले. "क्षमा करा. फार माणसं येऊन गेली."

"पट कोरा निघाला होता. त्यांना परत बसवा असं एक बाई म्हणाल्या. तेव्हा तुम्ही म्हणालात," आणि तिने ते वाक्य उच्चारले. अप्पांनी सांगितले होते तसेच, त्याच हसऱ्या सुरात. "मी त्यांची मुलगी. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्या दिवसानंतर ते आमच्याशी कधी धड बोलले नाहीत."

खासनीसांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. हात तोंडाकडे गेला. पडद्यावरील रेषा इतकी उसळली, की तशी उसळी शर्वरीने आपल्या सेवाकाळात पाहिली नव्हती. "असं बोललो मी? माणसाच्या तोंडावर?" त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले.

शर्वरी एकटक पाहत राहिली. ज्या क्षणासाठी तिने आपले आयुष्य वळवले होते, तो हाच क्षण. तो पुरेसा होता. तिला आणखी काही नको होते.

तेवढ्यात शिपायाने चहा आणून ठेवला. खासनीसांनी रुमालाने डोळे टिपले, कप उचलला आणि एक घोट घेतला. "वेलदोडा घातलाय वाटतं," ते म्हणाले. "छान झालाय."

तिने पडद्याकडे पाहिले. रेषा सरळ होती.

हे नाटक असते तर यंत्राने ते तत्काळ उघड केले असते. वेदना खरी होती, पश्चात्ताप खरा होता, आणि चहाचा पहिला घोट घशाखाली उतरण्याच्या आत दोन्ही संपले होते. पुढे मापन झाले. खासनीसांनी भराभर तर्क केले, भराभर चुकले, प्रत्येक चुकीचा तरंग उठताक्षणी मावळला. त्यांचा उपशमांक केंद्राच्या इतिहासात सर्वोच्च ठरला. राज्यात नव्या वृत्ती आयोगाची स्थापना होणार होती. त्याच्या अध्यक्षपदासाठी यंत्राने त्यांची शिफारस केली. जाताना त्यांनी शर्वरीला आशीर्वाद दिला आणि वडिलांविषयी ऐकून वाईट वाटले असे म्हणाले. ते वाक्य त्यांनी मनात टिपून ठेवल्यासारखे नीट उच्चारले.

घरी अव्वा ओट्यापाशीच उभी होती. "रडला?"

"रडला."

"मग?"

"मग चहा प्याला."

अव्वाने पदराला हात पुसले. "म्हणजे आपल्याला मिळालं काय?" तिने विचारले.

त्या प्रश्नाचे उत्तर शर्वरीने यंत्रात शोधले. तरंग दोन कारणांनी शमू शकतो, हे तिच्या ध्यानात आले. चूक पचली तर शमतो आणि चूक थुंकून टाकली तरीही शमतो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळा ताट रिकामेच दिसते. यंत्र शमनाचा वेळ मोजत होते. आत काही उरले का, हे त्याने कधीच विचारले नव्हते. हे विचारण्याचा उपाय साधा होता. काही दिवसांनी त्याच माणसाला त्याच आकृत्या पुन्हा दाखवायच्या. नियमावलीत पुनर्मापनाचे एक कलम होते, पण ते कोणी वापरीत नसे. एकच मापन पुरेसे आहे, असा निर्देश पूर्वी देण्यात आला होता आणि त्याखाली स्वाक्षरी खासनीसांची होती.

तिने त्यांना पुन्हा बोलावले. ते आनंदाने आले, शिपायाच्या गुडघ्याची पुन्हा चौकशी केली आणि पडद्यासमोर बसले. ज्या आकृत्यांना ते पहिल्या वेळी फसले होते, त्याच आकृत्यांना, त्याच क्रमाने, पुन्हा फसले. प्रत्येक चुकीने त्यांना पहिल्याइतकेच आश्चर्य वाटले आणि प्रत्येक आश्चर्य पहिल्याइतक्याच वेगाने मावळले.

मग शर्वरीने उत्तम उपशमांकाच्या इतरांना बोलावले. काही खरोखर शिकलेले निघाले. पुष्कळ निघाले नाहीत. ज्यांच्या मनात चूक टिकत नाही, नेमकी तीच माणसे आपण वर चढवत गेलो आणि ज्यांना चूक सलत राहते त्यांना घरी बसवले, असे तिने आपल्या प्रबंधात लिहिले. प्रबंध गाजला. मापन स्थगित झाले. ज्यांचे पट कोरे निघाले होते, त्या साऱ्यांना परत बोलावण्याचा आदेश निघाला. शेजारच्या जिल्ह्यातील एक वृद्ध टंकलेखक तिचे दर्शन घेण्यासाठी येऊन गेले. जिच्या वडिलांवर अन्याय झाला तिनेच न्याय मिळवून दिला, असे लोक आदराने बोलू लागले. त्यात असत्य काही नव्हते.

मात्र एक गोष्ट लोकांना ठाऊक नव्हती. ज्यांच्या मनात चूक टिकत नाही, अशांनाही शिकवता येते. तीच गोष्ट सावकाश, पुन्हा पुन्हा, हाताने करून घ्यावी लागते. याला दीर्घाभ्यास म्हणतात आणि तो नियमात बसतो. पुनर्मापनात अनुत्तीर्ण झालेल्या इतर प्रत्येकाच्या निर्णयात शर्वरीने दीर्घाभ्यासाची शिफारस केली. खासनीसांच्या निर्णयात तिने एवढेच लिहिले: विराम श्रेणी.

विराम श्रेणीतील व्यक्तीला महिन्यातून एकदा निर्देशकासमोर बसून आपल्यावरील निर्णयाचे कारण ऐकण्याचा अधिकार असतो. कारण समक्ष सांगावे लागते. खासनीस पहिल्या महिन्यात आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. घरी बसणे त्यांना जमत नव्हते. सूनबाई ताट वाढताना बोलत नाही, मित्र फोन उचलत नाहीत, आणि सकाळी दाढी करून झाल्यावर पुढे काय करावे हे कळत नाही, असे त्यांनी सांगितले. मग विचारले, "माझं नेमकं चुकलं काय, मॅडम?"

शर्वरीने सांगितले. आरंभापासून. अप्पांचा पेशा, कोरा पट, त्या बाईंची सूचना, ते वाक्य. वाक्य येताच त्यांच्या चेहऱ्याचा रंग पुन्हा उतरला, हात पुन्हा तोंडाकडे गेला, डोळे पुन्हा भरून आले. आपण हे पूर्वी ऐकले आहे, एवढे त्यांना आठवत होते. ते किती लागले होते, हे आठवत नव्हते. म्हणून ते नव्याने लागले.

दुसऱ्या महिन्यात ते पुन्हा आले, ताजेतवाने, हातात प्रशस्तिपत्रांची जाडजूड थैली घेऊन. आपल्या बाबतीत काही गैरसमज झाला असावा आणि नीट बोलल्यास तो दूर होईल, अशी त्यांची खात्री होती. शर्वरीने त्यांना बसवले आणि आरंभापासून सांगितले. थैली त्यांच्या मांडीवरून घसरली, आणि ती उचलण्याचे भान त्यांना पुष्कळ वेळ राहिले नाही.

त्या सायंकाळी अव्वाने सारे तपशील विचारून घेतले. हात जोडले का, आवाज फुटला का, उठताना खुर्चीला धरावे लागले का. शर्वरीने प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले. पुष्कळ दिवसांनी अव्वा पोटभर जेवली, शेंगांची चटणी दोनदा मागून घेतली, आणि अप्पांना ही चटणी किती आवडत असे ते सांगत बसली.

असे महिने गेले. पावसाळा संपता संपता राज्यातील केंद्रांच्या संचालिकाबाई पुण्याहून स्वतः आल्या. मापनाची नवी पद्धत उभारायची होती आणि ते काम शर्वरीशिवाय दुसऱ्या कोणाच्या हाती द्यावे असे त्यांना वाटत नव्हते. स्वतंत्र विभाग, हाताखाली संशोधक, जे जे तिने मागावे ते. जिल्ह्यातील प्रकरणे अर्थातच नव्या निर्देशकाकडे सोपवावी लागतील. शर्वरीने विचार करण्यासाठी वेळ मागितला नाही. आपल्याकडे एक प्रकरण चालू आहे आणि ते सोडता येत नाही, असे तिने नम्रपणे सांगितले. संचालिकाबाईंना ते कर्तव्यनिष्ठेचे लक्षण वाटले. त्या थोड्या खिन्न होऊन, पण आदराने परतल्या.

अव्वाला हे कळले तेव्हा ती शेंगा फोडत होती. "कुठलं प्रकरण गं?"

"तेच."

अव्वाने काही टरफले बाजूला सारली. "त्याला शिकवता येत नाही होय काही? अगदीच?"

शर्वरी आईशी कधी खोटे बोलली नव्हती. "येतं. मी एक ओळ लिहिली तर उद्यापासून येतं."

अव्वा हातातल्या शेंगेकडे पाहत राहिली. ती फोडण्याचेही तिला सुचेना. "तुझ्या अप्पालाही शिकवता आलं असतं," ती अखेर म्हणाली.

हे उत्तेजन होते की दुसरे काही, हे शर्वरीने विचारले नाही. तिने उत्तेजन समजून घेतले. अव्वा उठून आत गेली आणि त्या रात्री भूक नाही म्हणून लवकर झोपली.

खासनीसांच्या भेटीच्या दिवशी शर्वरी नेहमीपेक्षा लवकर केंद्रात पोहोचली. खोली अजून झाडायची होती. तिने पडदे पूर्ण सरकवले, उन्हाचा पट्टा जमिनीवर कोठे पडतो ते पाहिले, आणि त्यांची खुर्ची ओढून त्या पट्ट्यात आणून ठेवली, म्हणजे उजेड थेट चेहऱ्यावर येईल. मग आपल्या जागी बसून एकदा खात्री करून घेतली. दिसणार होते, सारे अगदी स्पष्ट दिसणार होते.